तोडकर बाईंचा हात

तोडकर बाईंना त्यांच्याच स्कूटरने पकडून दिलं. तेही भर मैदानात, शिकायला आलेल्या बायकांच्या डोळ्यांदेखत. नेहमीप्रमाणे पहिली फेरी बाई स्वतः मारून दाखवत होत्या. मैदानाच्या मध्यावर गाडी मंद होत होत थांबली, लाल दिवा लागला आणि हँडलखालच्या डबीतून एक गोड आवाज आला. "चालक शालन तोडकर, आपल्या नावे महापालिका न्यायालयाचं वॉरंट प्रलंबित आहे. कृपया गाडीजवळच थांबा."

बाई थांबल्या. दुसरं करणार काय? थोड्या वेळाने हवालदार सरनाईक मोटरसायकलवरून आले. त्यांची बायकोही बाईंच्याच हाताखाली शिकलेली, त्यामुळे त्या बिचाऱ्याची मानच वर होईना. "बाई, बसा माझ्या मागं. साहेबांनी बोलवलंय," एवढंच ते म्हणाले. निघण्याआधी सरनाईकांनीच मला फोन केला.

मी संपदा चौगुले, वकील. खून-दरोडे मोठ्या वकिलांकडे जातात. माझं टेबल महापालिका न्यायालयाच्या जिन्याखाली आहे आणि सिग्नल तोडलेले, उलट्या दिशेने घुसलेले, तिघं बसून निघालेले माझे अशील. त्यांच्यावर माझं घर चालतं, म्हणून मी कधी कोणाला नियम पाळा असा उपदेश करत नाही. आणि हो, स्कूटर मला तोडकर बाईंनीच शिकवली. आमच्या शहरातल्या निम्म्या बायकांना त्यांनी शिकवली म्हणतात. ते फारसं खोटं नसावं.

बाईंना एक खोड होती. आमच्याकडे बाईमाणूस स्कूटरवर बसायचं म्हणजे आधी तोंडाला स्कार्फ, मग गॉगल, मग हातमोजे. सख्खा नवरा शेजारून गेला तरी ओळखायचा नाही. पण चहाच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या बाई रस्त्यावरून जाणाऱ्या एखाद्या स्कार्फवालीकडे बोट करून म्हणायच्या, "ही आपली बघ." पुढच्या सिग्नलला गाठून विचारलं, की ती बाईंचीच निघायची. कशावरून ओळखलंत, असं विचारलं तर हसायच्या. "आपलं माणूस कळतं की गं लांबनं."

आता हे वॉरंट कुठून उपटलं ते सांगायला हवं.

आमच्याकडे गाडी एकाच्या नावावर असते आणि चालवते सगळी गल्ली. "जरा किल्ली दे, आलोच" म्हणणाऱ्याला नाही म्हणणं म्हणजे माणुसकी सोडल्यासारखं. पूर्वी चलन मालकाच्या नावे निघायचं आणि मालक शपथेवर सांगायचा की गाडीवर मी नव्हतोच. बहुतेकदा ते खरंही असायचं. अशा खटल्यांनी न्यायालयं तुंबली. मग कायदा बदलला. शिक्षा मालकाला नाही, चालवणाऱ्याला. आणि चालवणारा कोण हे सांगायला आला चालकठसा.

कल्पना तशी साधी. प्रत्येक गाडीत काडेपेटीएवढी डबी बसवली. मूठ किती पिळली, ब्रेक कसा दाबला, वळणावर गाडी किती कलली, खड्ड्याच्या किती आधी वेग उतरवला, हे सगळं ती सेकंदाला शेकडो वेळा मोजते. गाडी चालवताना माणूस विचार करत नाही. डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो, त्यात एकदा शिकलेल्या हालचाली मुरून बसतात आणि पुढे हातपाय त्या आपोआप करतात. म्हणून त्या सहसा बदलत नाहीत. भाकरी बघितली की घरातलं माणूस सांगतं, ही आईने थापली की वहिनीने. डबी तशी हात ओळखते. परवान्याच्या वेळी प्रत्येकाचा ठसा साठवायचा आणि गुन्हा झाला की डबीतली नोंद त्या साठ्याशी ताडून बघायची. गाडी कोणाचीही असो, ज्याच्याशी जुळेल त्याच्या नावे समन्स.

दोन माणसांचे हात कधीच सारखे नसतात, असं यंत्र विकणाऱ्या कंपनीने छातीठोक सांगितलं होतं. ते जिथे तयार झालं तिथे माणसं आपापली शिकत असतील. तिथे तोडकर बाई नव्हत्या.

न्यायालयात बाई मागच्या बाकावर पदर आवळून बसल्या होत्या. मला बघितल्यावर उठल्या.

"संपा, मी काय केलोय गं?" आमच्या भागातल्या जुन्या बायका 'मी आलो, मी केलो' असंच बोलतात. बाईंच्या तोंडी मी ते नेहमी दरडावणीच्या सुरात ऐकलं होतं. आज त्या खरंच विचारत होत्या आणि मला ते सोसवेना.

न्यायाधीश नेर्लेकर माणूस वाईट नाही. दिवसाला शे-दीडशे प्रकरणं पुढ्यात येतात, यंत्र निकाल सुचवतं, ते 'मान्य' किंवा 'तहकूब' यातलं एक बटण दाबतात. बाईंच्या नावे पडद्यावर गुन्ह्यांची रांगच लागली. सिग्नल, उलटी दिशा, पुन्हा सिग्नल. प्रत्येक चित्रात वेगळी स्कूटर आणि वर स्कार्फ गुंडाळलेली एक बाई.

"समन्सला का आला नाहीत?" साहेबांनी विचारलं.

"मेसेज आलता साहेब. 'तुमच्या नावे वॉरंट आहे, खालच्या लिंकवर दाबा.' असल्या मेसेजवर दाबू नका, लुबाडत्यात, म्हणून तुमच्याच पोलिसांनी आमच्या महिला मंडळात येऊन सांगितलंय. मी न्हाई दाबलो."

सगळी खोली हसली. साहेबही हसले आणि हसता हसता त्यांनी वॉरंट कायम केलं.

मी माझं हुकमाचं पान टाकलं. एकाच मंगळवारी, एकाच वेळी बाई शहराच्या दोन टोकांना सिग्नल तोडत होत्या. हे कसं शक्य आहे? साहेबांनी यंत्राकडे पाहिलं. यंत्राने क्षणभर विचार केला आणि दोनांपैकी एक गुन्हा खोडला. "चूक दुरुस्त झाली," साहेब म्हणाले, "बाकीचे राहिले." पुढची तारीख तेवढी पदरात पडली. बाईंवर दोष सिद्ध झाला, तर त्यांचा परवाना जन्माचा जाणार होता. म्हणजे क्लास बंद. बाईंना मूलबाळ नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. त्या मैदानाखेरीज त्यांना होतं काय?

नोंदींची प्रत घेऊन मी जिन्याखाली बसले. ब्रेकचे आलेख होते, कागदभर चढउतार. बघता बघता माझ्या लक्षात आलं की प्रत्येक आलेखात वळणाआधी दोन बारीक टेकाडं आहेत. एक छोटं, लगेच दुसरं, आणि मग खरा ब्रेक. मी खुर्चीतच उजवी मूठ वळवून पाहिली. डाव्या हाताची बोटं आपसूक हलली. टक, टक, मग दाब.

हा बाईंच्या जुन्या स्कूटरचा दोष! ज्या गाडीवर आम्ही सगळ्या शिकलो तिचा ब्रेक पहिल्यापासून ढिला. दोनदा हलकेच दाबून त्याला जागं करायचं, तिसऱ्यांदा तो लागायचा. गाडी दुरुस्त करा की, असं कोणी म्हटलं तर बाई म्हणायच्या, "बिघडलेली न्हाई ती. तशीच हाय. आधी दोनदा इचार, मग दाब." आम्ही सगळ्या नवीकोरी गाडी घेतल्यावरही वळण आलं की दोनदा विचारत आलो. परवान्याच्या वेळी आमची एकच छोटी फेरी होते, त्यामुळे आमचे साठवलेले ठसे पुसट. बाई दिवसभर गाडीवर असतात, त्यांचा ठसा ठसठशीत. त्यामुळे आमच्यातली कोणीही कुठे चुकली, की यंत्राला बाईच दिसत होत्या.

मला इतका आनंद झाला की मी चहावाल्याला दोन चहा सांगितले आणि दोन्ही मीच प्यायले.

बाईंना मात्र माझा बेत पटला नाही. "माझ्यापायी पोरींना कोर्टाची पायरी चढायला लावू नकोस. शहाण्यानं ती चढू नये म्हणत्यात."

"मी रोज चढते, बाई."

"म्हणून तर म्हणते," त्या म्हणाल्या. मैदानावर असते तर मी हसले असते.

शेवटी मी त्यांना राजी केलं. आमच्या ग्रुपवर निरोप टाकला आणि पुढच्या तारखेला चाळीसेक जणी आपापल्या स्कूटर घेऊन हजर झाल्या. मुमताज शिकलगार ड्युटी बदलून आली होती. ती नर्स आहे. आसपासच्या गावांत घरोघरी जाऊन डायलिसिसचं यंत्र लावायचं तिचं काम. तिने बाईंच्या गळ्यात पडून सांगितलं, "बाई, तुमच्यासाठी हायकोर्टापर्यंत गाडी मारू की."

साहेबांनी परवानगी दिली. न्यायालयामागच्या मोकळ्या जागेत चाचणी ठरली. एकेकीने एक फेरी मारायची, वळण घ्यायचं, थांबायचं. सरनाईक प्रत्येकीचं आधार तपासून नाव मोठ्याने सांगत होते. मुमताज फेरी मारून आली. पडद्यावर उमटलं : शालन तोडकर. सरनाईकांच्या बायकोने फेरी मारली. शालन तोडकर. मग मी. शालन तोडकर. बायका टाळ्या पिटायला लागल्या. दर नावाला हशा. बाई कडेला उभ्या राहून ओठ दाबून बघत होत्या. "ती बघ, मूठ किती अलगद सोडली," असं स्वतःशीच पुटपुटत होत्या. इतक्या सगळ्याजणी एकसारख्या चालवताना त्यांनी एका जागी कधी पाहिल्याच नसतील. मला वाटलं, आपण जिंकलो.

शेवटची फेरी संपली आणि चाळीस गाड्यांचे लाल दिवे एकदम लागले.

आधी कोणाला काही कळेना. साहेबांनी पडदा वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. आपल्याकडे एकेका बहाद्दराकडे तीन-तीन नावांचे परवाने असतात. तशी फसवणूक पकडायलाही यंत्रात सोय होती. साठ्यातले ठसे पुसट होते तोवर ते गप्प होतं. आज मी चाळीस ठळक ठसे, न्यायालयाच्या साक्षीने, स्वतःच्या हाताने त्याच्या तोंडात घातले होते. त्याने निष्कर्ष काढला, शालन तोडकर नावाच्या एका चालकाने चाळीस खोट्या नावांनी परवाने काढले आहेत. सगळे परवाने गोठवले. बाईंची सगळी वॉरंटं चाळीसही जणींच्या नावे लागली.

"साहेब, ही चाळीस माणसं तुमच्यासमोर उभी आहेत!" मी ओरडलेच. "मोजा ना!"

"दिसताहेत मला, चौगुले मॅडम." नेर्लेकर साहेबांचा आवाज खाली आला होता. "पण कायद्यात चालक म्हणजे ज्याचा ठसा तो. व्यक्ती हा शब्दच त्यात नाही. मी तहकूब करू शकतो. मग वर अपील करा."

"किती दिवस लागतील?"

"दिवस?" ते म्हणाले. वर असलेली अपिलं मलाही ठाऊक होती. चार-चार वर्षं धूळ खात पडलेली.

"चार वर्षं मी पेशंटकडं चालत जाऊ?" मुमताज म्हणाली. ती कोणावर रागावली नव्हती, खरंच विचारत होती. "शेवटचं गाव लई लांब हाय, साहेब."

माझ्यामुळे झालं हे, एवढंच डोक्यात घुमत होतं.

"कबूल केलं तर?" मागून बाईंचा आवाज आला. "मीच सगळीकडं होतो म्हणून कबूल केलो तर?"

साहेबांनी पडद्यावर शोधलं. चालकाने कबुली दिली तर वॉरंटं निकाली निघत होती. चालकाने ज्यांची नावं वापरली असं ठरलं, त्यांना त्यांचे परवाने परत मिळत होते. ज्याचा कबुलीजबाब त्याचा परवाना कायमचा जाणार आणि त्याचा ठसा रद्द होणार.

"बाई, नाही," मी म्हटलं. "तुम्ही एकही सिग्नल तोडलेला नाही."

"शिकवलंय मीच न्हवं? मग तोडला ते बी माझ्याच हातानं म्हणायचं." माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी मला बाजूला केलं. गाडीसमोरून शिकाऊ पोरीला बाजूला करावं तसं. "दाबा साहेब बटण."

साहेबांनी बराच वेळ बटणाकडे पाहिलं आणि दाबलं. चाळीस दिवे हिरवे झाले. कोणीही टाळ्या वाजवल्या नाहीत.

ठसा रद्द होणं म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. वॉरंट असलं तर फक्त त्या चालकाच्या नावावरची गाडी अडते, रद्द ठसा मात्र कुठल्याही गाडीत अडतो. परवाना माझ्या खिशात होता, गाडी माझी होती. गल्लीच्या टोकाला वळण आलं, माझ्या बोटांनी दोनदा हलकेच विचारलं आणि गाडी थांबली. "रद्द ठसा आढळला. गाडी बाजूला घ्या." माझ्या पुढे एक स्कार्फवाली गाडी ढकलत चालली होती. चौकात आणखी दोघी. त्यांतली एक मुमताज, पाठीवर सामानाची पिशवी, कपाळावर घाम. त्या दिवशी शहरात जिकडेतिकडे बायका स्कूटर ढकलत होत्या आणि पुरुष हॉर्न वाजवत होते. चाचणीला न आलेल्यांचीही तीच गत. बाईंचा हात किती जणींच्या अंगात होता, ते त्या दिवशी मोजता आलं असतं.

दुसऱ्या क्लासला जा, असं कोणाला सांगायला मला तोंड नव्हतं. संध्याकाळी बाईंचाच फोन आला. "उद्या सकाळी मैदानावर या समद्या. ढकलत आणा गाड्या."

"बाई, तुम्हाला आता शिकवता येत नाही. परवाना..."

"मी गाडीवर बसणार न्हाई. उभं राहायला परवाना लागतोय व्हय? आणि शिकवाय कुठं बोलावते? तुमचा हात मोडाय बोलावते. बसवलाय मी, मोडणार बी मीच."

मैदानाच्या मध्यभागी बाई शिट्टी घेऊन उभ्या राहिल्या. पायात तेच कापडी बूट. त्यांची जुनी स्कूटर कडेला झाकून ठेवली होती. त्यांनी आम्हाला रांगेत उभं केलं आणि म्हणाल्या, "आजपतूर जे करू नका म्हणून वराडलो, ते करायचं."

असा क्लास मी जन्मात पाहिला नाही. "एकदाच दाब! झटक्यात! इचारू नको त्याला!" मैदानभर त्यांचा आवाज घुमत होता. "मूठ आवळून धर. अजून आवळ. खड्ड्यात घाल गाडी, घाल की, उतरवू नकोस वेग!" आम्ही प्रयत्न करायचो, वळण यायचं, बोटं ऐकायची नाहीत, टक टक, आणि गाडी थांबायची. लहान मेंदूत मुरलेलं काढणं हे घालण्यापेक्षा अवघड. पन्नाशीला आलेल्या बायका मैदानात रडत होत्या. पूर्वी अशी गाडी मारली असती तर बाईंनी चाकातली हवा काढून घरी पाठवलं असतं. आता एखादीने कचकन ब्रेक लावला की त्या म्हणायच्या, "शाब्बास," आणि तोंड दुसरीकडे फिरवायच्या.

मुमताजला आधी जमलं. तिला जमवावंच लागलं. ती मैदानाबाहेर पडली, झटके देत, धसमुसळी, आणि तशीच पेशंटच्या गावाकडे निघाली. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग एकेक करत सगळ्यांना जमत गेलं. रोज मैदानावर एकदोघी कमी. जी सुटायची ती पाया पडून जायची आणि बाई तिला म्हणायच्या, "सांभाळून जा," आणि पुढे बोलता बोलता थांबायच्या. कारण पुढचं वाक्य ठरलेलं होतं, आधी दोनदा इचार.

शेवटी मी एकटी उरले. मला जमत नव्हतं की जमवायचं नव्हतं, देव जाणे. जिन्याखालचं टेबल रिकामं पडलं होतं. अपिलाचे कागद मी लिहून ठेवले होते, पण बाई सही करत नव्हत्या. अपील केलं म्हणजे कबुली मागे घेतली आणि मग सगळ्याजणींचे परवाने पुन्हा गोठतील, हे त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

एका सकाळी मी तोंडाला स्कार्फ गुंडाळला, दात खाल्ले आणि मैदानाच्या पलीकडच्या फाटकातून गाडी आत घातली. मूठ आवळलेली, पाय लोंबकळणारे. वळणावर एकदाच कचकन दाबलं, मागचं चाक घसरलं, धूळ उडाली. डबी गप्प. पुढच्या वळणावरही गप्प. पुरी फेरी झाली, हिरवा दिवा तसाच. मी बाईंसमोर येऊन थांबले, स्कार्फ ओढून काढला आणि लहान पोरीसारखी ओरडले, "बाई! नाही ओळखलं त्याने मला!"

बाई डोळ्यांवर आडवा हात धरून उभ्या होत्या. माझ्याकडे बघत त्यांनी हात सावकाश खाली घेतला.

"मी बी न्हाई ओळखलो, संपा," त्या म्हणाल्या. "लांबनं वाटलं, कोण परकी बाई आली."